पांढरीवरचं सारवण

झुंबरबाई सारवायला बसली की शेजारपाजारच्या बाया हातातलं काम सोडून बघत उभ्या राहायच्या, आणि झुंबरबाईला ते पक्कं ठाऊक असायचं. लाजणं-बिजणं तिच्या गावी नव्हतं. "बघा बघा, फुकट हाय," म्हणायची आणि हात आणखी झोकात फिरवायची. शेण ताजं हवं, त्यात पांढरीची माती चाळून टाकलेली हवी, आणि काला असा की बोटांना धरून राहील पण चिकटणार नाही. हात कमानीसारखा फिरे, प्रत्येक कमान मागच्या कमानीला जरासा कड लावून जाई. वाळल्यावर जमिनीवर बोटांच्या रेषा अशा उमटायच्या की त्यांच्यावर पाय द्यायला पाहुणा कचरायचा. कोपरा सोडला, चुलीमागं राहिलं, असं तिच्या हातून कधी म्हणजे कधी व्हायचं नाही. तिच्या सुनेला विचारा, तिनं काय काय ऐकून घेतलंय ते.

या हौसेला कारण होतं. झुंबरबाई जातीची धनगर. तिचं सगळं लहानपण मेंढरामागं गेलं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि कोकणाच्या अंगानं निघायचं. आज या माळावर, परवा त्या वावरात. तीन दगडांची चूल, वर आभाळ. तरी तिची आई, नकुशी, जिथं उतरायचं तिथं चुलीपुढचा हातभर तुकडा आधी सारवून घ्यायची. माणसं हसायची. झुंबर एवढीशी पोर होती तेव्हा तीही हसली होती. "आये, उद्या तर उठायचं हाय. कशाला सारवतीस?"

"आज बसायचं हाय न्हवं?" नकुशी म्हणाली, आणि तिला ढकलून म्हणाली, "सरक, पाय उमटत्याल."

पुढं झुंबरचं लग्न हरिबाशी झालं. हरिबानं मेंढरं विकली आणि भीमेच्या काठाला, शिरूर तालुक्याच्या अगदी टोकाला, जमिनीचा तुकडा धरला. नदी ओलांडली की दौंड. दोन खोल्यांचं मातीचं घर उभं राहिलं आणि झुंबरबाईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची जमीन मिळाली. शेताची नव्हे हो, घराची. मग काय विचारता! सण असो नसो, बाई सारवतेच आहे.

वाडीच्या खालच्या अंगाला, नदीकाठी आनंदरावांच्या रानात, एक टेकाड होतं. त्याला पांढर म्हणत. तिथली माती राखेसारखी फिकट, हाताला मऊ. कुणी ती घराच्या धाब्यावर टाकायला न्यायचं, कुणी कांद्याच्या वाफ्यात घालायला, आणि झुंबरबाई सारवणात मिसळायला. मातीत खापरांचे तुकडे निघायचे, ते बाजूला फेकायचे आणि पाटी डोक्यावर घ्यायची. ही माती अशी का, असं कुणाच्या मनातही आलं नाही. अठ्ठ्याण्णव साल उजाडायच्या आधीच्या हिवाळ्यात मात्र पुण्याच्या कॉलेजातून अनुपमा मॅडम आल्या, बरोबर विद्यार्थी, तंबू, दोऱ्या आणि खुंट्या. म्हणाल्या, इथं फार जुनं गाव पुरलेलं आहे, आम्ही ते उकलून बघणार.

वाडीत एकच बोभाटा. हंडा निघणार! हरिबा तर शपथेवर सांगायचा, "सोनं काढत्याल, जीपमधी घालत्याल, आन् आपल्याला टाटा करत्याल."

झुंबरबाई कामाला गेली ती घमेली वाहायला. मुकादम सोपानराव वाडीतलाच. त्यानं हाक मारली आणि ही पदर खोचून हजर. पहिले काही दिवस तिचा नुसता संताप व्हायचा. ही माणसं खणतात की मातीला गोंजारतात? टिकाव लांब ठेवलेला, आणि पोरं-पोरी उकिडव्या बसून बोटभर थापीनं माती खरवडतायत, ब्रशानं झाडतायत. वर आणखी, शेजारी शेजारी चौकोनी खड्डे घेतलेले आणि मध्ये मातीचे बांध तसेच ठेवलेले.

"ह्यो बांध ठिवलाय कशाला?" तिनं एकदा विचारलंच. "जागा वाया जाती. काढून टाका, सलग व्हईल."

अनुपमा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला खड्ड्यात बोलावलं आणि बांधाची कड दाखवली. वर काळपट माती, तिच्याखाली राखेचा पट्टा, त्याखाली पिवळी, त्याखाली पुन्हा राख. "हे थर. जे खाली ते आधीचं, जे वर ते नंतरचं. बांध काढला तर आम्ही बघायचं कुठं?"

झुंबरबाईनं मान तिरकी करून पाहिलं. "म्हंजी भाकरीच्या दुरडीवानी. पयली केलेली तळाला."

"अगदी."

त्या दिवसापासून तिला गोडी लागली. लागली म्हणजे अशी लागली की घरी हरिबाचं डोकं खायला लागली. एकदा चाळलेल्या मातीच्या ढिगात तिला लाल मणी सापडला. पळत पळत मॅडमकडं घेऊन गेली. वाटलं, आता शाबासकी. मॅडमनी मणी उजेडात धरला आणि पहिलं विचारलं, "कुठं होता?" ही म्हणाली, "ढिगात." मॅडमचा चेहरा पडला. कुठल्या खड्ड्यातला, कुठल्या थरातला, शेजारी काय होतं, हे कळलं नाही तर मणी मुका, असं त्या म्हणाल्या. वस्तूपेक्षा तिची जागा मोठी. झुंबरबाईला वाईट वाटलं, पण बोलणं पटलं. माणसाचंही तसंच की. गावच सांगता येत नसेल तर सोयरीक कशी जुळायची?

एका दुपारी मॅडम विद्यार्थ्यांना काहीतरी समजावत होत्या. झुंबरबाई भरलं घमेलं घेऊन जाता जाता थबकली. मॅडम सांगत होत्या की खालच्या थरांत घरं मोठी, चौकोनी, धान्याच्या कणग्या भरपूर. सगळ्यात वरच्या थरात मात्र लहान लहान गोल झोपड्या, आणि हाडं जास्त करून मेंढ्यांची, शेळ्यांची. बहुधा पाऊस कमी झाला असावा. ही माणसं वर्षातले काही महिने इथं राहत असावीत आणि बाकीचे दिवस जनावरांमागं.

झुंबरबाईनं घमेलं खाली ठेवलं. "मेंढरामागं?"

"असं वाटतंय. पक्कं सांगता येणार नाही. पुरावा मिळेल तेवढंच बोलायचं."

"आन् त्येंचं ऱ्हायलंय? ऱ्हातं व्हय आसल्या मानसांचं काय?"

"राहतं ना," मॅडम म्हणाल्या. "चूल पेटली की खालची माती भाजते. खांब रोवला की खळगा राहतो. नीट उकललं तर दिसतं."

झुंबरबाईला त्या रात्री झोप आली नाही. आईबापाबरोबर इतक्या माळांवर चुली मांडल्या. सकाळी उठताना मागं वळूनही पाहिलं नव्हतं. आपलं कुठंच काही राहिलं नाही हे तिनं कधीचंच धरून ठेवलं होतं, त्याचं दुःखही मानलं नव्हतं. आता एकाएकी तिला वाटायला लागलं की आपण खड्ड्यात उतरावं, हातात थापी घ्यावी, आणि त्या माणसांची चूल आपल्या हातानं उघडी करावी. दुसऱ्या दिवशी तिनं सरळ मागणी घातली. "मॅडम, मला थापी द्या. घमेली वाहायला दुसऱ्या बाया हायती."

"आधी ब्रश धरा. हात हलका झाला की संक्रांतीनंतर बघू."

झाला की नाही घोर सुरू! बाई घरी ओट्यावर ब्रश फिरवून सराव करायला लागली. हरिबा म्हणाला, "माझ्या टकलावर मार की, तितं बी थर हाईत." तिनं ब्रश फेकूनच मारला.

संक्रांत दोन दिवसांवर आली आणि वरच्या थरात ती जमीन लागली. गोल, लहानशी, चोपून घट्ट केलेली, आणि मधोमध मातीच्या तीन उंचवट्यांची चूल, आतून काळी पडलेली, राखेसकट. मॅडम अगदी लहान पोरीसारख्या हरखल्या. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं: उद्या पुण्याहून मोठे सर येणार, फोटो होणार, आणि मग जमिनीवरची माती जागेजागेवरून पिशव्यांत भरून तपासायला जाणार. मातीतून कळतं की कुठं रांधलं, कुठं जनावर बांधलं. चुलीतल्या कोळशावरून कळतं की किती जुनं. जाताना म्हणाल्या, "सकाळी सगळं लख्ख हवं हं. फोटो आहे."

दुसरा दिवस भोगीचा. झुंबरबाई तांबडं फुटायला उठली, घर सारवलं, तीळ लावून भाकऱ्या थापल्या, भाजी शिजत ठेवली. कालवलेला शेणकाला उरला होता. त्याकडं बघता बघता तिला खड्ड्यातली चूल आठवली. आज सण. वरतून पाहुणा येणार, फोटू निघणार. आणि ती बिचारी चूल तशीच पारोशी! कुणाचीही असो, बाईमाणसाची चूल सणाच्या दिवशी अशी उघड्यावर पारोशी ठेवायची? आणि मॅडम लख्ख म्हणाल्याच आहेत. काम बघून आजच थापी हातात देतील, असंही मनात आलं, खोटं कशाला बोला.

तिनं बादली उचलली. टेकाडाखाली सोपानराव शेकोटीला बसला होता. त्याला वाटलं, बाई पाणी घेऊन चाललीय. झुंबरबाईनं ताडपत्री बाजूला केली, खड्ड्यात उतरली, चुलीला नमस्कार केला आणि कडेकडेनं सारवायला बसली. काय हात चालला तिचा! एकेक कमान सुबक. अर्धी जमीन झाली, चुलीपर्यंत आली, आणि आता सारवायच्या आधी चुलीतली राख काढावी म्हणून तिनं हात पुढं केला.

"हात मागे घ्या!"

वर बांधावर अनुपमा मॅडम उभ्या होत्या. झुंबरबाई वर बघून हसली. "बघा मॅडम, कसा फोटू येतोय आता!"

मॅडम बांधावर मटकन बसल्या आणि दोन्ही हात कपाळाला लावले. ओरडल्या असत्या तर झुंबरबाईला सोसलं असतं. ओरडणाऱ्याला ओरडून उत्तर देता येतं. मग मॅडम म्हणाल्या, "झुंबरबाई, आज आम्ही ही माती उचलणार होतो. आता तिच्यात आजच्या गाईचं शेण मुरलं. या अर्ध्या भागातलं काहीच आता धरता येणार नाही."

झुंबरबाई ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. तिला सगळं कळत होतं, हीच तर पंचाईत. काल मॅडम बोलल्या तेव्हा सगळ्यांत जास्त लक्ष देऊन तिनंच ऐकलं होतं. ती बाई कुठं रांधत होती, शेळ्या कुठं बांधत होती, ते मातीत राहिलं होतं. इतका काळ राहिलं होतं. आणि आपण ते सणाच्या नावानं पुसलं. "म्या पुसलं," एवढंच ती म्हणाली, बादली उचलली आणि वर आली.

घरी ती चुलीपुढं बसून ढसाढसा रडली. हरिबा आधी "म्हनलं न्हवतं का" म्हणायला तोंड उघडत होता, पण बायको रडते म्हणजे काय हे त्यानं फारसं पाहिलं नव्हतं, म्हणून भाकरी वाढून तिच्यापुढं ठेवली. तिनं ताट सरकवलं. "थापी गेली," ती म्हणाली. "थापी गेली ते जाऊ द्या, पन त्या बाईचं म्या वाटोळं केलं बगा."

"कुठल्या बाईचं?" हरिबा गोंधळला.

"चूलवालीचं!"

दुपार कलली तेव्हा दारात चपला वाजल्या. अनुपमा मॅडम. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आल्या आणि जमिनीकडं बघत उभ्या राहिल्या. मग खाली बसून बोट टेकवलं. "यातही पांढरीचीच माती आहे ना?"

"व्हय," झुंबरबाई तोंड फिरवून म्हणाली.

"तुम्ही सारवण किती जाड देता?"

"नखायेवढं बी न्हाई."

"वाळल्यावर सुटतं?"

"सुटतं की. कड धरून उचकाटलं तर खपली निघती. दर दिवाळीला जुनं काढतीच म्या."

मॅडमनी मान हलवली. "सर येऊन गेले. आधी माझ्यावर रागावले, नुसती ताडपत्री टाकून गेलात म्हणून. ते खरंच आहे. कुणी तरी राखणीला थांबवायला हवं होतं. मग म्हणाले, झालेलं लपवू नका. जे घडलं ते लिहा, हाही एक थरच. उरलेली अर्धी जमीन आणि चूल शाबूत आहे, तिथली माती घेऊन झाली." त्यांनी पिशवीतून थापी काढली आणि झुंबरबाईपुढं धरली. "आमच्या कामाचा नियम एकच. जे शेवटी आलं ते आधी काढायचं, खालच्याला धक्का न लावता. शेवटचा थर तुमचा आहे. तुम्हीच काढा."

झुंबरबाईनं थापीकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं. "पुन्हा नासलं तर?"

"मी शेजारी बसते."

हरिबानं मधेच तोंड घातलं. "आधी जेवती का इचारा तिला. सकाळधरनं तशीच हाय." मग दोघीही जेवल्या. मॅडमनी भोगीची भाजी दोनदा मागून घेतली.

सारवण पुरतं वाळू दिलं. संक्रांत झाली, आणि मग एका सकाळी झुंबरबाई खड्ड्यात उतरली. तिनं थापी आडवी धरली आणि आपल्याच हाताची कमान कडेनं उचलायला घेतली. कुठं खपली अलगद सुटायची, कुठं अडून बसायची. अडली की मॅडम "थांबा" म्हणायच्या, थापी हातात घेऊन दाखवायच्या, परत द्यायच्या. एका जागी झुंबरबाईकडून खालचा टवका निघालाच. ती कळवळली. मॅडमनी तेही लिहून घेतलं. त्या निघालेल्या जागेची कड मॅडमनी भिंगाखाली बघितली आणि तिलाही दाखवली. जुनी जमीन म्हणजे एक जाड लेप नव्हता. पापुद्र्यावर पापुद्रा, पापुद्र्यावर पापुद्रा, वहीच्या पानांसारखे.

"हे काय?"

"सारवण," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा दिलेलं."

"पन ही मानसं तर उठून जात व्हती म्हनला न्हवं?"

"जात असावीत, आणि परत येत असावीत. आली की सारवत असणार."

झुंबरबाई चुलीकडं सरकली. चुलीजवळची शेवटची खपली राहिली होती, ती तिनं ब्रशानं झाडली, थापीनं उचलली, आणि खाली रेषा दिसल्या. चार बोटांच्या, शेजारी शेजारी, कमानीत वळलेल्या. पुढं आणखी एक कमान, मागच्या कमानीला कड लावून गेलेली. मॅडम वाकल्या त्या तशाच राहिल्या. विद्यार्थी वरून डोकावले.

झुंबरबाईनं आपला हात त्या रेषांच्या वर धरला, टेकवला नाही. त्या बोटांपेक्षा तिची बोटं जाड होती. "पोरगेली दिसतीया," ती पुटपुटली. मग तिचं लक्ष चुलीमागं गेलं. तिथं वीतभर जागेत एकही रेष नव्हती. सगळ्या कमानी चुलीच्या कडेला येऊन थांबल्या होत्या.

"आगं बया!" झुंबरबाई खऱ्याखुऱ्या रागानं म्हणाली. "चुलीमागं सोडलंय की गं! सासू न्हवती का तुला?"

खड्ड्यात आणि वर एकदम हशा पिकला. मॅडम तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. झुंबरबाईही हसली, आणि हसता हसता तिला नकुशी आठवली, माळावर हातभर तुकडा सारवून "सरक, पाय उमटत्याल" म्हणणारी. म्हणजे आई एकटी नव्हती. हसणारी आपण होतो. सारवणाऱ्या तर पहिल्यापासूनच होत्या. तिनं पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत रडली. तिला त्याची लाज वाटली नाही.

त्या मोसमात तिनं थापी खाली ठेवली नाही. पुढच्याही दोन मोसमांत नाही. मग खणणं संपलं, खड्डे बुजवले, आनंदरावांनी त्या तुकड्यात पुन्हा नांगर घातला नाही. झुंबरबाईच्या मुलानं, बिरदेवनं, रांजणगावच्या कंपनीत नोकरी धरली आणि घराला गुळगुळीत फरशी बसवली. एक खोली तेवढी म्हातारीनं हटून मातीची ठेवली. तिथं ती सणासुदीला बसते आणि सारवते, गुडघे धरून, कुरकुरत, पण कमानी अजून तशाच.

परवा सून दारातून बघत होती. "आत्याबाई, चुलीमागं वीतभर ऱ्हायलं बगा," ती जपून म्हणाली. इतकी वर्षं बोलणी खाल्लेली, तिलाही संधी आली होती.

झुंबरबाईनं बादलीत हात धुतला. "ऱ्हायलं न्हाई," ती म्हणाली. "ठिवलंय."